लक्षद्वीपची फुटकी पाळ

हसू नका, पण माझं लग्न एका फुटक्या पाळीपायी, म्हणजे बांधापायी, मोडणार होतं. १९८०च्या आसपास आमच्या तलावांच्या गावी, आंधळगावला, मला पाहायला आलेला मुलगा लक्षद्वीपला नोकरीत होता.

"तुमचं बेट कसं आहे जी?" बाबांनी विचारलं.

त्यानं अंगणात बोटानं कडं काढलं. "बाहेर समुद्र, हे जमिनीचं कडं, आत उथळ पाणी."

"म्हणजे तलावाची पाळच!" बाबा खूश.

"इथं फट आहे, त्यातून नावा येतात."

बाबांचा चेहरा पडला. "पाळ फुटली अन् कोणी बुजवून नाही राहिला?"

मी दाराआडून म्हटलं, "बाबा, मले पोहता येते!"

लग्न झालं. पाठवणीला सगळे रडत होते. बाबांनी जावयाच्या हातात नवं फावडं ठेवलं. "आधी फट बुजवा, मंग पोरीले घरात न्या."