तिसऱ्या गाण्यातली टिकटिक

...आणि वर मलाच ग्रुपमधून काढलं! मला! ज्या ग्रुपचा मी ॲडमिन, ज्यातल्या एकूण एक माणसाला त्या बँडचं नाव माझ्यामुळे कळलं, त्यातून मलाच बाहेर, आणि कारण काय लिहिलं? 'काकांना कान नाही.' तुम्हाला सांगतो, संगीताला बाकी काही लागत नाही... कान लागतो, कान!

बँड कुठला ते विचारू नका, तुम्ही ऐकलेला नसणार. कुणीच ऐकलेला नाही, तीच तर त्याची थोरवी! चौघं जण गॅरेजमध्ये जमले, एकच रेकॉर्ड काढली, ती खपली नाही, संपलं. ड्रमवाल्यानं टायरचं दुकान टाकलं, बेसवाला इन्शुरन्स विकायला लागला, आणि उरलेले दोघे काय करतात ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. ती रेकॉर्ड मला सापडली रद्दीच्या दुकानात, पाककृतींच्या मासिकांखाली! दुकानदार म्हणतो, "घेऊन जा साहेब, फुकट न्या, उगाच जागा अडते." जागा अडते! हिऱ्यानं म्हणे जागा अडते! कान लागतो हो...

माझ्या प्लेअरची नवी सुई यायची होती, म्हणून काही दिवस ती टेबलावरच पडून राहिली. सुई आली, लावली. पहिलं गाणं, दुसरं गाणं, आणि तिसऱ्यात... सगळी वाद्यं एकदम थांबतात... गप्प... आणि त्या शांततेत टिक्... टिक्... टिक्! बास! पुन्हा गाणं सुरू! अंगावर काटा आला हो! बायकोला हाका मारून बोलावलं, "अगं, ऐक, काय केलंय बघ यांनी!" तर ती म्हणते, "घड्याळ बिघडलंय का?" घड्याळ! आता हिला काय बोलणार? कान लागतो, कान!

रेकॉर्ड नेटवर कुठेच नव्हती, म्हणून मीच ती कॉम्प्युटरवर उतरवली आणि ग्रुप काढून तिथे टाकली. सोबत त्या टिकटिकीवर भलामोठा लेख. आणि काय सांगू, माणसं तुटून पडली! 'सुईवाला' नावाचा एक जण लिहितो, ही माणसाच्या एकटेपणाची टिकटिक आहे. 'खरा रसिक' नावाच्या दुसऱ्यानं ती निम्म्या वेगानं ऐकली, त्याला म्हणे त्यात कुणीतरी रडताना ऐकू आलं. एका मुलीनं मनगटावर तीन ठिपके गोंदवून घेतले! मी मनात म्हटलं, वा, कानवाली माणसं भेटली.

मग याच मंडळींनी त्या चौघांना शोधून काढलं, पुन्हा एकत्र वाजवा म्हणून गळ घातली, आणि ते तयार झाले! हॉल ठरला! मी रात्रंदिवस ज्यांची एकच रेकॉर्ड ऐकली, ते माझ्यासमोर बसून वाजवणार! मला जेवण जाईना. त्याआधी ग्रुपवर त्यांच्याशी लाइव्ह गप्पा ठेवल्या होत्या. मी कानाला हेडफोन लावतोय, तेवढ्यात बायको, कपड्यांच्या घड्या घालता घालता, अगदी सहज... "अहो, ही रेकॉर्ड तीच ना, रद्दीवाल्याकडची? धुळीनं नुसती माखली होती. पुसताना माझ्या अंगठीचा खडा लागला हो तिला. बोलले नाही, म्हटलं उगाच डोकं खाल."

अंगठीचा खडा!

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत 'खऱ्या रसिका'नं विचारलं सुद्धा, "दादा, ती टिकटिक सुचली कुणाला?" ड्रमवाला मागे टायरची चळत घेऊन बसलेला. छताकडे बघितलं, हनुवटी खाजवली. "टिकटिक... हां हां, ती होय! ती माझीच. चमच्यानं वाजवली, कपावर." झालं, पडद्यावर बदामच बदाम! एवढ्यात बेसवाला गाडीतून, "कुठला चमचा रे? पेननं वाजवली होती, टेबलावर, मी!"

"तू? तुला ताल कधी होता?"

"माझ्या बापाच्या गॅरेजमध्ये फुकट बसायचास, विसरलास?"

"मग वाजव तुझा तूच, मी येत नाही जा!"

माझी मैफल माझ्या डोळ्यांदेखत बुडायला लागली हो! मी ओरडलो, "भांडू नका, ती आमच्या हिच्या अंगठीची आहे!" ड्रमवाला म्हणतो, "कोण हे काका?"

म्हटलं, पुरावा देतो. टायरच्या दुकानात गेलो, त्याच्याकडे न खपलेल्या रेकॉर्डांचं खोकं पडलेलं, त्यातली एक कोरी मागून आणली, ग्रुपवर टाकली. घ्या, ऐका, आहे का टिकटिक? तर सुईवाल्याचं उत्तर काय? 'ही प्रत सदोष आहे. टिकटिक उमटलेलीच नाही.' सदोष! कोरी रेकॉर्ड सदोष! कान लागतो म्हणून मीच शिकवलं ना यांना? मग ग्रुपमध्ये दोन तट पडले, चमचावाले आणि पेनवाले, तोंडं बघेनात एकमेकांची, आणि एकमत झालं ते फक्त मला काढण्यावर. मैफल रद्द. ती मुलगी आता ठिपके पुसून मिळतात का विचारत हिंडतेय म्हणे.

म्हटलं, जाऊ दे, निदान कोरी रेकॉर्ड घरी निवांत ऐकू. लावली. तिसरं गाणं आलं... सगळे थांबले... गप्प... आणि... काहीच नाही हो! नुसतं गप्प! पुढचं कुणाला आठवेना म्हणून थांबलेत असं वाटतं! पुन्हा लावली, तेच. पहिलं ऐकलं, दुसरं ऐकलं, कधी नव्हे ते नीट ऐकलं... बरं आहे. म्हणजे, गॅरेजच्या मानानं बरं आहे.

शेवटी उठलो आणि जुनी चढवली. बायको दारात येऊन म्हणते, "अहो, चरा पडलेली कशाला लावता? नवी आणलीत ना?"

आता काय सांगू हिला? की बाई, त्या अख्ख्या बँडमध्ये धड वाजवणारी तू एकटीच होतीस?