तुझ्या आजीला काहीही नव्हतं

— अगं, तो पाव पालथा ठेवू नकोस! या घरात पाव पालथा ठेवत नाहीत. एवढं तरी तुझ्या आईनं शिकवायला हवं होतं. आणि तुझा तो बिनगव्हाचा पाव पिशवीतच राहू दे, विटेसारखा दिसतो. बस. माटेराहून एवढी बसनं आलीस ती मावशीच्या प्रेमापोटी नव्हे, हे कळतं मला, ओर्नेला. चाळीस वर्षं शाळेत मुलांचे चेहरे वाचले आहेत मी. काढ तो डॉक्टरांचा कागद.

सीलिअ‍ॅक. ठाऊक आहे. गहू पोटात गेला की आतडं झिजतं. तुला झाला, डॉक्टर म्हणाले घराण्यातून येतो, म्हणून आता तू मेलेल्यांची पोटं तपासायला निघालीस. तुझ्या आजीला? मुळीच नाही. माझ्या आईला आजार असता तर मला कळला नसता? तुझी आई लग्न करून पार उत्तरेला, तोरिनोला गेली, सुटली. अकरा वर्षं आईचं मी केलं — एकटीनं.

बारीक होती, हो. फोटोत दिसतेच आहे. शेवटी अडतीस किलो. पोट मात्र फुगलेलं — चर्चमध्ये बायका कुजबुजायच्या, विधवा बाई आणि हे काय! तोंड सदा आलेलं, सकाळ संडासात जायची. — मान काय हलवतेस? डॉक्टरनं तपासलं होतं तिला. म्हणाला, मनाचे खेळ आहेत, ताकदीचं खायला घाला. मग आजारी माणसाला आपल्या गावात काय देतात? पानकोत्तो. शिळा पाव उकळून, वर ऑलिव्हचं तेल, पेजेसारखा मऊ. तान्ह्या बाळाला पचतो. सकाळी एक वाडगा, संध्याकाळी एक. खंगत चालली तसे तीन केले मी.

आणि कृतघ्न किती! म्हणायची, "इन्कोरोनाता, पाव नको गं, पाव मला आतून खातो." शिक्षकांच्या खोलीत सांगितलं मी हे, सगळे हसले. पुढं पुढं चोरायला लागली. घास तोंडाशी न्यायचा आणि रुमालात टाकायचा — रुमालाची तीन टोकं आत, चौथं बाहेर, अशी तिची घडी — आणि मग कोंबड्यांना घालायचा. पाव! जो खाली पडला तर आपण उचलून त्याचा मुका घेतो! शेजारणींसमोर तो रुमाल उघडायला लावला मी, आणि त्यातला तुकडा न्‌ तुकडा, धाग्यादोऱ्यांसकट, खायला लावला. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला, हो. शिस्त वयानं संपत नाही.

इस्पितळात? ते तुला कोणी — हं, तुझ्या आईनं. मांडीचं हाड मोडलं म्हणून तीन आठवडे होती. तिथल्या नन उत्तरेकडच्या. भात आणि बटाटे, भात आणि बटाटे. चार किलो वाढली! गाल आले. गाणं म्हणत होती. मी दारात दिसले तशी थांबली. घरी आणलं, आठ दिवसांत पुन्हा तेच रडगाणं. मला काय वाटणार? वाटलं, हिला फक्त माझ्याच हातचं बाधतं. मग मी नाक दाबून भरवलं. ईस्टरपर्यंत भरवलं. ईस्टरला ती गेली.

डोळे पूस. मला कोणी माझ्या स्वयंपाकघरात रडलेलं आवडत नाही. हा घे तुकडा. काल माझ्या हातानं भाजलेला आहे. खा. एका घासानं कोणी मरत नाही. आईसुद्धा एका घासानं मेली नाही. — बघतेस काय? माझ्यासमोर खा, मग लिही तुझ्या त्या कागदावर हवं ते. हां. चाव नीट. — झालं? एवढ्यात? — हात दाखव. दुसरा. रुमाल इकडे आण.

तीन टोकं आत.

कोणी शिकवली तुला ही घडी? आई गेली तेव्हा तुझा तर जन्मही झाला नव्हता —

ऊठ. लिही त्या कागदावर: आजीला काहीही नव्हतं. मावशीनं सांगितलं म्हणून लिही. पिशवी उचल. रुमाल — रुमाल राहू दे इथंच. आणि दार ओढून घे.