बोट रिकामीच जाईल

...नाय मामा, चावी माझ्याकडंच राहील. तुम्ही बसा निवांत, एसी लावते, ती बाटली घ्या पाण्याची, पण चावीचं नाव काढू नका. तुम्हाला कुणी आत पाठवलं ते काय मला कळत नाय? आत्याबाईंचे सख्खे भाऊ तुम्ही, लग्नात माझ्या ओटीत पहिला नारळ तुम्हीच घातला — म्हणून आज बाहेर ठरलं असंल, की सर्जेराव मामांना पुढं करा, कालिंदी त्यांना नाय म्हणायची नाय. म्हणते ना. म्हणलं बघा आत्ताच. नाय.

तुमचं काय म्हणणं आहे, ते मीच सांगते, तुमचं तोंड कशाला दुखवायचं. म्हणणं असं — सत्तरीचा सासरा फेटा बांधून मागं, गाडीला जोडलेल्या बोटीत खुर्ची टाकून बसला, त्यांच्या आजूबाजूला सगळे चुलते बसले, उस्मानपुऱ्याची निम्मी गल्ली बघायला आली, बँडवाले घामाघूम झाले, आणि सून गाडीची दारं लावून आत बसून राहिली. म्हणे तात्या उतरल्याबिगर गाडी हलणार नाय. बाईमाणसाला एवढा ताठा शोभतो का — हेच ना? बरोबर आहे तुमचं. अक्षरशः असंच झालंय. मी असंच म्हणले आणि आणखी विचारलं तर आणखी एकदा म्हणीन.

अहो मामा, ही बोट म्हणजे काय होडकं नाय. फायबरची बोट, तिच्या बुडाला ते इंजिन, खाली लोखंडी ट्रेलर — सगळं मिळून दोन टनाला टेकतं. ही गाडी किती ओढू शकते ते कंपनीनं पुस्तकात छापून दिलंय, मी वाचलंय, रिकामी बोट त्यात बसते, जेमतेम बसते. त्यात तुम्ही तात्या बसवले, चुलते बसवले, पाटांवर पाट घातले, प्रसादाची दोन पातेली ठेवली — आणि बसले कुठं सगळे? मागं. पुढं बोट निमुळती, तिथं मांडी घालायला जागा नाय, म्हणून समदे जाऊन बसले इंजिनापाशी. आता तुम्ही शेतकरी माणूस, तुम्हाला काय शिकवायचं मी — बैलगाडीत सगळं ओझं मागं टाकलं तर काय होतं? गाडी उलाळ होते. जू वर उचलतं, बैलाच्या गळ्याला जोतं आवळतं. व्हय का नाय? इथं तसंच. मागं ओझं गेलं की ट्रेलरचं तोंड वर यायला बघतं, माझ्या गाडीचं बूड उचलतं, मागची चाकं रस्ता सोडतात. आणि बैल निदान थांबतो हो. ही थांबत नाय.

ट्रॉली? मला ट्रॉलीचं नका सांगू मामा. मी देवगाव रंगारीची पोरगी आहे. कापसाची भरलेली ट्रॉली मी रिव्हर्समधी जिनिंगच्या फाटकातून आत घालायची, बाप खाली उभा राहून बिडी ओढायचा. लग्न झाल्यावर इथं मला ड्रायव्हरीण म्हणायचे सगळे, चिडवायला — अजून म्हणतात, आत्याबाई तर पाहुण्यांसमोर म्हणतात, आमची ड्रायव्हरीण आली. मला काय त्याचं, आहेच मी. तर ट्रॉलीत वऱ्हाड जातं, मान्य. लेकरंबाळं, म्हातारी माणसं, आहेराची भांडी, सगळं जातं. तेही चूकच आहे, उलटलेल्या ट्रॉल्या काय कमी बघितल्या का आपण? पण ट्रॅक्टर चालतो बैलासारखा, रमतगमत. इथून पैठण रोडला लागलं की मागनं ट्रक येतात, पुढनं एसट्या येतात, आणि ही गाडी ट्रॅक्टर नाय. आणि कायदा आहे हो. ट्रेलरमधी माणूस बसवायचा नाय. बोटीत नाय, बोटीखाली नाय, कुठंच नाय. बिडकीनला पोलीस उभा असतो, तो काय फेटा बघून सलाम ठोकणार आहे?

आणि बाकीचं मी सगळं केलंय. कुणी बघितलं का केलेलं? सकाळी उठून ट्रेलरच्या टायरीत हवा बघितली. ट्रेलर गाडीला अडकतो तो जोडाचा गोळा बघितला, पिन बघितली. खालून दोन साखळ्या आडव्यातिडव्या घातल्या — अशा, एकावर एक — म्हणजे जोड सुटला तरी दांडा त्या साखळ्यांच्या झोळीत पडावा, रस्त्यात रुतू नये. ट्रेलरचा ब्रेक, मागचे लाईट, नंबरप्लेट, कागद, धरणावरची परवानगी — सगळं. मग चहा घ्यायला घरात गेले आणि बाहेर येऊन बघते तर काय, पोरांनी दोन्ही बाजूंनी केळीचे खुंट बांधलेले. ब्रेकलाईट केळीच्या पानात, नंबर झेंडूच्या माळंत. बोट आहे का नवरदेवाची गाडी? मी कात्री घेऊन कापून काढलं तर आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला, पहिल्या दिवशी अपशकून केला म्हणून. लावू द्या. मागच्या ट्रकवाल्याला माझा ब्रेक दिसला पाहिजे, आत्याबाईंचा शकून नाय.

तात्यांचं मला कळत नाय असं नका समजू, मामा. ते नका म्हणू. ह्या घरात तात्यांचं जेवढं मी ऐकलंय तेवढं पोटच्या पोरांनी नाय ऐकलं. त्यांचं गाव नाथसागराच्या, ह्याच धरणाच्या पाण्याखाली गेलं — त्यांचं घर, मारुतीचं देऊळ, शाळा, चिंचेचं झाड, सगळं. मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हा सामान भरलेल्या बैलगाडीवर, गाद्यांच्या ढिगावर बसून निघाले. तिथून जे उतरले ते माघारी गेलेच नाय. आता पोरानं बोट घेतली, तर त्यांच्या मनात आलं, की गेलो बसून, तर परत जाईन तेही बसून. घराच्या दारातनं बसून. चार माणसांनी बघितलं पाहिजे. मला रात्रीच सांगितलं त्यांनी हे, मलाच, दुसऱ्या कुणाला नाय. मला सगळं पटलं. तरी मी म्हणले, तात्या, धरणावर पोचलो, बोट पाण्यात उतरली, की मग खुर्ची टाका, फेटा बांधा, राजासारखे बसा, मी स्वतः हात धरून बसवते. तर हसले आणि म्हणले, पाण्यात तर कोणीबी बसंल. आता काय करायचं अशा माणसाचं?

त्यांचा मान राहिला पाहिजे, व्हय, मलाही वाटतं राहिला पाहिजे. पण मान गेला तर माणूस चार दिवस रुसून बसंल, जेवणार नाय, माझ्या हातचा चहा घेणार नाय. पाचव्या दिवशी घेईल. माणूसच गेला तर मानाला काय फेट्यात गुंडाळून ठेवणार आहात?

ह्यांना? ह्यांना काहून देऊ स्टेअरिंग? नाय देणार. पाठ दुखते ह्यांची. तुम्हाला सांगितलं असंल ना राजेंद्रनं — तुमचा लाडका भाचा, तुम्हाला सगळं सांगतो — की पाठीत उसण भरली म्हणून कालिंदी चालवणार. तेवढंच आहे. भावकीत काय बोलायलेत तेही माझ्या कानावर आलंय. नवऱ्याला बाजूला सारलं, मिरवायला निघाली, बोट ह्याची आणि तोरा हिचा. बोलू द्या. माझ्या अंगाला काय भोकं पडत नायत. आणि त्या ट्रॅक्टरवाल्या फकिराला बोलावून ठेवलंय ना तुम्ही, तो तिकडं पानटपरीवर उभा आहे, दिसतोय मला आरशात, तात्यांसकट बोट ओढून नेतो म्हणतो. त्याला म्हणावं ये. जोडाला मी कुलूप घातलंय, त्याचीही चावी माझ्याकडंच आहे.

मामा, तुम्ही बघितलेलं नाय म्हणून बोलता. उतारावर ट्रेलर एकदा शेपूट हलवायला लागला ना — आधी वाटतं वारा आहे. मग डावीकडं ओढतो, मग उजवीकडं, मग डावीकडं आणखी जोरात, आणि गाडी तुमची राहत नाय. ती मागच्याची होते. आणि माणूस काय करतो? ब्रेक दाबतो. दाबणारच, पाय आपोआप जातो, आणि तिथंच घात होतो, मागचं दोन टन तुमच्यापुढं जायला बघतं. ब्रेक दाबायचा नसतो, स्टेअरिंग सरळ धरायचं आणि फक्त पाय काढायचा, पण कुणाला सुचतं — ह्यांचे हात तर असे थरथरत होते की मी वरून धरले तेव्हा —

काय नाय.

काय नाय म्हणलं ना. असंच ऐकीव. तुम्ही असं बघू नका माझ्याकडं, मामा. पाणी प्या.

बरं. ऐका मग. पण ह्या गाडीच्या बाहेर गेलं तर तुमची आणि माझी सोयरीक तुटली, सांगून ठेवते. गेल्या रविवारी नाशिककडून बोट आणली ना, देवगावला माझ्या माहेरी थांबलो. तिथनं निघताना ह्यांचे चार दोस्त चढले बोटीत, मजा म्हणून, मागं, इंजिनापाशी. मी नको नको म्हणले. ह्यांनी म्हणलं, अगं इथनं कितीसं आहे. देवगाव सोडलं की तो उतार नाय का — तिथं. समोरून उसाची गाडी येत होती. मी ओरडले ब्रेक सोडा, ब्रेक सोडा, आणि ह्यांच्या हातावर हात ठेवून स्टेअरिंग दाबून धरलं. कशी थांबली देवाला माहीत. ट्रेलरचं चाक पुलाच्या कठड्याला घासलं होतं. आणि वर ते चौघं हसत होते मामा, त्यांना वाटलं राजेंद्र खेळवतोय मुद्दाम, म्हणले आणखी एकदा घे. त्यातले दोघं आत्ता ह्या टायमाला तात्यांच्या खुर्चीमागं उभे राहून मोबाईलवर शूटिंग करायलेत. बघा मागं वळून. गुलाबी शर्टवाला.

त्या दिवशी गाडी थांबली तसे हे खाली उतरले आणि रस्त्याच्या कडंला बसले. उठेचनात. चार माणसांना मी मारलं असतं कालिंदी, एवढंच म्हणले. त्या दिवसापासून चावी हातात घेतली की हात कापतात. स्कूटरसुद्धा नाय चालवत, ऑफिसला रिक्षानं जायलेत. पाठ ठणठणीत आहे त्यांची. कुणाला सांगू नको म्हणले, तात्यांना तर बिलकुल नको — तात्या सगळ्या गावाला सांगत सुटलेत, माझ्या पोरानं बोट ओढून आणली. म्हणून मी मिरवायला निघाले, मामा. समजलं आता? ड्रायव्हरीण मिरवायला निघाली.

आणि हे तात्यांना सांगितलं तर ते एका मिनिटात उतरतील, हेही मला माहीत आहे. पोराच्या जिवाला घोर लागला म्हणल्यावर कशाला बसतात ते वर. पण मी नाय सांगणार. तुम्हीही नाय सांगायचं. एवढ्या गर्दीत, बँडवाल्यांसमोर, त्या गुलाबी शर्टासमोर? बायकोनं नवऱ्याची झाकली मूठ उघडायची? नाय. तुम्ही जावा आणि सांगा, सून ऐकत नाय. उद्धट आहे, बापानं ट्रॅक्टरवर बसवून बिघडवली, मोठ्यांचं राखत नाय. लागतील तेवढे शब्द घाला, माझी परवानगी आहे. फक्त बोट रिकामी करा. मी संध्याकाळपर्यंत बसायला तयार आहे, टाकी फुल्ल आहे.

जावा ना, बसलात काय. बघताय काय मागं —

हे कुठं निघाले?

ते बघा, शिडीवर चढायलेत. मामा, हे बोटीच्या शिडीवर चढायलेत. काहून? मी म्हणले होते लांब उभे राहा, मधी पडू नका, मी बघते काय ते... त्या गुलाबी शर्टवाल्याला बाजूला व्हायला सांगितलं. तात्यांच्या पायाशी बसले. बोलायलेत. सगळ्यांसमोर बोलायलेत हो. बँड थांबला. कुणी थांबवला? हात दाखवायलेत तात्यांना... दोन्ही हात पुढं केले... काच खाली घेऊ का — नको, नको, मला नाय ऐकायचं.

तात्यांनी धरले हात.

रडले का हे? तुम्हाला दिसतंय का, माझ्या आरशात पाणी आलंय... आरशात नाय. असू द्या. तात्या उठले बघा. फेटा उतरवला, ह्यांच्या डोक्यावर ठेवला. उतरायलेत. धरा म्हणावं त्यांना कुणीतरी, शिडी हलती ती — धरलं ह्यांनीच. उतरले. आता चुलतेही उतरतील, न उतरून जातात कुठं.

इकडंच यायलेत दोघं.

मामा, उतरा. नाय, बोलायचं काय नाय आता, उतरा लवकर. तात्या पुढं बसतील, माझ्या शेजारी.