मारिनारोंचं गाव

अलिनाने राजापूरचं ठरलेलं स्थळ मोडल्याचं कळलं, त्याच सकाळी तिचे आईबाप, कुबरा आणि झहूर नाखवा, आखातातल्या जहरा गावच्या दवाखान्यात रांगेत वाद घालत होते. मागे उभ्या अरुणकुमार नावाच्या पेशंटला सगळं ऐकू येत होतं.

“तिनं पसंत केलेला मुलगा इटलीचा, मारिनारो. आडनावाचा अर्थ खलाशी,” कुबरा म्हणाली.

“आपण नाखवे, गलबतांचे मालक. खलाशाला मुलगी देऊ?” झहूर म्हणाला.

“तुम्ही इथे सुलैबियाच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवता.”

“कलमा पढेल?”

“पढेल. थुंकी तपासून वंशाचा रिपोर्टही पाठवलाय. चार टक्के अरब निघालाय.”

“त्यात गाव कुठलं लिहिलंय?”

“गाव नसतं त्यात.”

“मग चौकशी कुणाकडे करायची?”

“अलिना फोनवर थांबलीय. काय सांगू?”

“मोहल्ला तरी विचार.”

तेवढ्यात नंबर पुकारला आणि दोघं आत गेले. गाव-मोहल्ल्याच्या चौकशीत फोनवरच्या अलिनाला हो म्हणायचं राहून गेलं.