ईस्टरला ओस्लो

धक्क्यावरच्या खोलीत बोटीची वाट बघत आम्ही तिघंच होतो. माझ्या मागच्या बाकावर टुरिड नावाची म्हातारी आणि तिचा शेजारी ओडवार. नावं त्यांच्या बोलण्यातूनच कळली.

“ईस्टरला ओस्लोला चाललेय मी, ओडवार. विमानाचं तिकीटसुद्धा काढलं.”

“अगं वा! शेवटी लेकानं बोलावलं म्हणायचं.”

“बोलावलं ना. नवं घर बघून जा म्हणाला.”

“मग काय, नात हाताला धरून राजवाडा दाखवेल तुला.”

“ती नसेल. सुट्टीत ते सगळे डोंगरावरच्या घरी जाणार आहेत.”

“आँ? मग तू कुणाकडे चाललीस?”

“त्यांच्याकडेच. किल्ली कुंडीखाली ठेवतील. मांजराला खायला घालायला कुणीतरी हवंच ना.”

“टुरिड, सुट्टी संपल्यावर येते म्हणून सांग त्याला.”

“नंतर त्यांची कामं, पोरीची शाळा. कुणाला वेळ असतो रे?”

“त्यापेक्षा इथंच राहा. मी कॉड माशाचं कालवण करतो, दोघं जेवू.”

“तुझं कालवण खारट असतं.”

“बटाटे जास्त घालीन.”

“नको, जाऊ दे मला. पोरीच्या खोलीत झोपेन. उशीला तिच्या केसांचा वास तरी असेल.”

ओडवारनं विचारलं, “परत कधी?”

“सोमवारी दुपारी. घर झाडूनपुसून निघेन.”

“आणि ते लोक?”

“ते संध्याकाळी पोचतात.”