ज्योतीनं पाणी चाखलं

...तर माझ्यावर का हसताय? तुमी असता तर तुमीबी हातच जोडलं असतं! तुमाला सांगतो, माझ्या बायकूचं, शांतम्माचं म्हणणं मी तीन वर्सं ऐकलं न्हाई, पण ती ज्योत बोलली आन मी गप! अवो, नुसती ज्योत!

अक्कलकोटच्या वाटंला माझी हीर. दोन वर्सं ह्या हातांनी खणली. पाणी लागलं तवा शांतम्मानं घोट घेतला आन थुकली की! म्हणती, "अय्यो, उप्पु!" उप्पु म्हंजे मीठ, तिच्या माहेरची कन्नड. मी म्हणलं, अमृत हाय, अमृत! लिंबाची रोपं दोनदा जळाली, तरी म्हणलं रोपंच वाईट! आता तिसऱ्यांदा चाळीस रोपं आणली, तवा ती दारात आडवी... मग काय, बाटली भरली आन गेलो सोलापूरला, पाणी तपासणाऱ्या सायबाकडं.

तितं नवंच यंत्र! पाण्याचा धुक्यावाणी फवारा, आन तो थेट ग्यासच्या निळ्या ज्योतीत! मी म्हणलं, इझली आता... इझती कुटली? पिवळीधम्मक झाली की! सायेब म्हणतो कसा, "मीठ पिवळं जळतं. जितकं मीठ, तितका उजेड. या पिवळ्या काचेतून तो पिवळाच उजेड पुढं जातो आणि हा काटा तो मोजतो." आधी मोजून मीठ घातलेलं पाणी फवारलं. थोडं, दुप्पट, तिप्पट... काटाबी तसाच चढला! कागदावर खुणा केल्या. अवो, नुसती ज्योत!

मग माझी बाटली. सायबानं आधी दुसऱ्या क्षाराची काच लावली, काटा उडाला! "शिवशरण, यात राख टाकलीत का? राखेतला क्षार दिसतोय."

आता काय सांगू! निकाल चांगला लागावा म्हणून मीच चिमूटभर विभूती टाकलेली... देवाला ठाऊक आन मला! आन त्या ज्योतीनं पकडलं? सायबाम्होरं न्हाई, ज्योतीम्होरं हात जोडलं मी!

दुसऱ्या दिशी निखळ पाणी नेलं. पिवळी काच लावली, काटा जो सुटला तो सगळ्या खुणांच्या पार! "लिंबं लावू नका," सायेब हळूच म्हणाला. दोन वर्सं खणलेली हीर हो... डोळ्यांतनं पाणी आलं. तेबी खारट!

घरी येऊन म्हणलं, शांतम्मा, तुझंच खरं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मला ठाव हाय की. तीन वर्सं हिरीच्या पाण्यात आमटी करती, मीठ कदी घातलंच न्हाई."

आन मी? तीन वर्सं रोज वाटी चाटून म्हणतोय... आमटी करावी तर शांतम्मानं!