नायिकेची खुर्ची

आमच्या ग्रुपने एका पुरस्कारविजेत्या कादंबरीचं अभिवाचन बसवलं होतं, तेव्हाचं सांगते. वाचायला तिघं पुरुष आणि नायिका म्हणून मी. कादंबरी जाडजूड. नायिकेचे डोळे, मान, पाठ, ओले केस, सगळ्यांवर पानंच्या पानं. ती वाचणार पुरुष. माझी वाक्यं दोन. आधी ‘तुम्ही जेवलात का?’ आणि शेवटाकडे ‘मी काय बोलणार?’

मी दिग्दर्शकांना म्हटलं, “सर, हिला एखादं मत तरी असेल ना?”

“अहो, ती मौनातून बोलते,” सर म्हणाले. “सगळी कादंबरी तिच्याभोवतीच तर फिरते.”

प्रयोगाच्या दिवशी ओझरहून ऑफिस सुटल्यावर निघाले आणि नाशिकच्या द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकले. हॉलवर पोचले तर टाळ्या चालू होत्या. स्टेजच्या मधोमध माझी खुर्ची, समोर माइक, खुर्चीत कोणी नाही. माफी मागायला आत गेले, तर कादंबरीचे लेखक सरांचा हात धरून म्हणत होते, “रिकामी खुर्ची. काय कल्पना आहे. माझी नायिका आज पहिल्यांदा कुणाला तरी कळली.”

ते गेल्यावर मी विचारलं, “माझी वाक्यं कोणी म्हटली?”

“राहिलीच की,” सर म्हणाले. “कुणाच्या लक्षातच आलं नाही.”

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

“रविवारी कळवणला प्रयोग आहे,” ते म्हणाले. “तिथंही उशिरा यायला जमेल ना?”

“मी काय बोलणार?” मी म्हटलं.

पाठ केलेलं वाक्य कुठंतरी म्हणायला मिळालं.